पाच एके दहा

रागीट माणसं मी पुष्कळ पाहिली. बेल्ह्याच्या बाजारात बैलाच्या दातांवरून वाद घालून तीन वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेले दोन सख्खे साडू मला माहीत आहेत. पण आमच्या कोंडावहिनीपुढं ते साडू म्हणजे देवळातली कबुतरं. दुसऱ्यांना राग येतो आणि जातो. वहिनीचा राग सकाळी चुलीबरोबर पेटतो, आणि दिवसभर त्याच्यावर काही ना काही शिजत असतं.

कोंडाबाई ही माझ्या चुलतभावाची, रामनाथदादाची बायको. दादाला जाऊन नऊ वर्षं झाली. आमचं घराला घर लागून, मधे एक कुडाची भिंत, त्यामुळं तिचं बोलणं मला बसल्या जागी ऐकू येतं. खोडदला त्या आभाळाचं ऐकणाऱ्या मोठाल्या तबकड्या आहेत ना, त्या बघायला माझी नात मोहिनी मला एकदा घेऊन गेली होती. तिथला माणूस सांगत होता, की लई लांबचा बारीक आवाजसुद्धा यात सापडतो. मी विचारलं, "मग आमच्या कोंडावहिनीचा सापडला का कधी?" तो बिचारा वहीत बघायला लागला. मोहिनीनं मला हाताला धरून बाहेर काढलं.

एकदा एसटी फाट्यावर थांबली नाही. वहिनीनं हात केला होता, ड्रायव्हरनं बघितलंही होतं, पण गाडी धुरळा उडवत निघून गेली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला ही बाई रस्त्याच्या मधोमध पोत्यावर बसली. गाडी आली, थांबली. कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "चला मावशी, बसा लवकर." वहिनी उठली, पोतं झटकलं आणि म्हणाली, "मला कुठं जायचंय? काल जायचं व्हतं. आज नुसती थांबती का ते बघाया आलेली." आणि घरी आली.

बिबट्याचीही तीच गत. आमच्या बाजूला बिबट्या काय नवलाचा नाही. त्यानं हिचं कुत्रं नेलं. लोकांनी दारं लावून घेतली. ही उजाडताच ओढ्याच्या काठाला जाऊन झाडीकडं तोंड करून उभी राहिली आणि तासभर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वनखात्यानं पिंजरा आणून ठेवला, पण बिबट्या पुन्हा फिरकलाच नाही. पिंजरा महिनाभर रिकामा. खात्याचा माणूस म्हणाला, "असं कसं झालं?" मी म्हटलं, "साहेब, पिंजरा एक दिवस उशिरा आणलात."

असो. सांगायचं होतं ते पाढ्यांचं.

वहिनी शाळेत गेलेली नाही. पण मोजण्यात तिचा हात धरणारं माणूस वाडीत नाही. भातलावणीच्या वेळी मोजणी तिच्याकडं. ती कशी असते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. रोपं उपटली की त्यांच्या मुठी बांधतात. बोटांच्या बेचक्यांत धरून पाच मुठी एकदम उचलायच्या, त्याला आम्ही एक हात म्हणतो. हात चिखलात फेकायचा आणि फेकताना आकडा मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे खाचरातल्या बायांना कळतं माल किती आला. मात्र पहिला हात कळमजाई देवीचा. तो खाचराच्या कोपऱ्यात ठेवायचा आणि त्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. खालच्या गावांत लाभ म्हणजेच एक धरतात. आमच्या वाडीत तसं नाही. आईचं ते आईचं, माणसानं आपल्या मोजणीत धरायचं नाही. दुसरा हात पडला की मग 'एक'. तिसरा पडला की 'दोन'. वहिनीच्या आवाजात ते 'लाऽऽभ' असं निघतं, की पलीकडच्या डोंगरावरची गुरं मान वर करतात.

आता मागच्या वर्षी काय झालं, आमच्या शाळेतले गुरुजी रिटायर झाले आणि त्यांच्या जागी वर्षभर कुणी आलंच नाही. शाळा उघडायची, खिचडी शिजायची, पोरं खायची आणि घरी यायची. मी तालुक्याला दोनदा अर्ज दिला. मलाही राग येतो, पण माझा राग अर्जात जातो. वहिनीची नात आरोही तेव्हा तिसरीत होती. तिचा बाप गोरख आणि आई दोघं चाकणला, कंपनीत. धाकटं बाळ त्यांच्याजवळ आणि ही आजीजवळ. बाकीच्या पोरांच्या घरी शिकलेली आई होती, नाहीतर मोबाईल होता. आरोहीच्या घरी वहिनी होती.

मी म्हटलं, "वहिनी, पोरीला माझ्याकडं धाडा संध्याकाळी. मी पाढे शिकवतो. मला पावकी-निमकीसकट येतात."

"नगं," ती म्हणाली. "तुमचं पाढं पोपटाचं. गुरुजींनी छडी मारली म्हणून पाठ झालेलं."

"आणि तुमचे?"

"माझं मोजलेलं हायेत. उत्तर कुणाच्या तोंडचं घ्यायचं न्हाई भावजी, मोजून घ्यायचं."

आता छडीचं म्हणाल तर खरंच आहे. एकोणतीसचा पाढा अजून म्हणताना माझा डावा तळहात आपोआप मिटतो. त्याचीही एक गोष्ट आहे, पण ती राहू द्या.

तर त्या लावणीत वहिनीनं पोरीला बांधावर उभं केलं आणि शिकवणी सुरू झाली. 'पाच एके, पाच दुणे' ही चाल तिनं जन्मभर शाळेवरून जाताना ऐकलेली. उत्तरं मात्र स्वतःची. हात पडायचा, वहिनी दरडावून विचारायची, "किती?" पोरगी खाचरातल्या सगळ्या मुठी मोजून सांगायची. चुकली की, "डोळं काय बांधावर ठेवलेत का? परत मोज!" पाचाचा झाला, मग सहा-सहा मुठींचा हात केला, मग सातांचा. नवाचा हात तिच्या मुठीत मावेना म्हणून काखेत धरून फेकला. लावणी संपली तेव्हा पोरगी दहापर्यंतचे पाढे न अडखळता म्हणत होती. मी पलीकडं बांधावर इरलं घेऊन बसलेलो. मला त्या दोघींच्या भांडणातच इतकी मजा येत होती, की काय म्हणतायत तिकडं कानच दिला नाही. ही माझी चूक. पुढं येईल ती.

यंदा जूनमध्ये नवे सर आले. सुनील सर. पेठेकडचे, रोज मोटरसायकलनं घाट चढून येतात. माणूस वाईट नाही. पण एकटा माणूस, चार इयत्ता, त्यात मोबाईलवर माहिती भरायची, फोटो टाकायचे. श्रावणात केंद्रप्रमुख येणार म्हणून त्यांनी पाढ्यांची लेखी परीक्षा घेतली. ज्यांना येईना त्यांची नावं फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिली, 'अप्रगत' असं शीर्षक घालून. त्यात एकच नाव. आरोहीचं. आणि चौथीतल्या त्या पोरीला दुसरीच्या पोरांत खाली बसवलं, की पाया पक्का होऊ दे.

आरोहीनं घरी अवाक्षर काढलं नाही. बाराएक दिवस शाळेत गेली, मग एका सोमवारी म्हणाली, पोटात दुखतंय. मंगळवारी डोकं. बुधवारी वहिनी तांदूळ काढायला कणगीत हात घालते तर आत दप्तर.

कुडाच्या भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं.

"ह्ये काय गं? दप्तराला कोंब फुटनार हायेत का?"

पलीकडं दप्तर आपटल्याचा आवाज.

"बोल! का कणगीत कोंबलंस?"

"मला न्हाई जायचं शाळंत."

"का?"

"मला दुसरीत बसवत्यात. फळ्यावर माजं नाव लिवलंय. सगळी म्हंत्यात, अप्रगत, अप्रगत."

वहिनीनं भिंतीवर थाप मारली. माझ्या बाजूचा कंदील हलला. "भावजी! अप्रगत म्हंजी काय वो?"

मी सांगितलं, "म्हणजे... मागं राहिलेली."

"कशात मागं?"

"पाढ्यात," पोरगी म्हणाली.

मग जे झालं ते मी लिहीत नाही. थोडं लिहितो. वहिनीनं आधी सरांचा, मग तालुक्याचा, मग ज्यानं खडू काढला त्याचा उद्धार केला. "वर्सभर मास्तर दिला न्हाई तवा कुठं व्हतं ह्यांचं प्रगत? माझ्या पोरीनं चिखलात उभं राहून पाढं केलंत! पाय कुजलं तिचं!"

त्यात गोरखचा फोन आला, तो माझ्याच फोनवर येतो. कुणीतरी त्याला आधीच कळवलं होतं. फोनचा आवाज मोठा करून मी भिंतीवरून दिला. गोरख म्हणाला, "आई, सर म्हंत्यात तिला जमत न्हाई. मग कशाला वढाताण? तिला इकडं धाडून दे. बाळाला सांभाळायला कुणी न्हाई, हिची ड्युटी बदलली. राहील घरात."

"आन शाळा?"

"बघू की पुढल्या वर्षी."

वहिनीनं आवाज खाली आणला. तिचा आवाज खाली आला की मला भीती वाटते. मग म्हणाली, "गोरख, तुजी भन चौथीत असताना तुला सांभाळाया तिला घरी बसवली तुज्या बापानं. ती अजून अंगठा देती. मी तवा बोलले न्हाई. तवा सासू व्हती, दीर व्हतं, मला तोंड नव्हतं. आता हाय." आणि फोन माझ्याकडं फेकला. मी झेलला, नाहीतर गेला होता.

दीर म्हणजे मीच. हे मला तेव्हा लागलं, आणि लागायलाच पाहिजे होतं. गोरखच्या बहिणीला, वैजयंतीला, शाळेतून काढली तेव्हा मीही दादाला काही बोललो नव्हतो. चौकात बसून दुसऱ्यांच्या गोष्टी सांगत होतो.

गुरुवारी सकाळी वहिनी म्हशीला गवत कापून आली. डोक्यावर पेंढ्यांचा भारा, कमरेला विळा. घरात न जाता माझ्या दारात उभी राहिली. "चला भावजी. फळ्यावरचं तुमाला वाचता येतं."

"विळा ठेवा की घरी."

"म्हशीचा हाय. सरांचा न्हाई. चला."

पुढं ती, मागं आरोही, शेवटी मी. आरोही रडत नव्हती. नुसती जमिनीकडं बघत चालत होती, मेंढरासारखी.

शाळेत अकरा पोरं. सर वह्या तपासत होते. आम्हाला बघून उभे राहिले. "या आजी. आरोही, का नाही आलीस? बस जागेवर."

"कुठल्या जागेवर?" वहिनी म्हणाली. "जागा दाखवा आदी."

मी फळ्याकडं बोट केलं. नाव होतं तिथंच. सरांनी कपाटातून वही काढली. "आजी, मी काही मुद्दाम करत नाही. तुम्हीच बघा, एकही बरोबर नाही." वही माझ्या हातात आली. लाल फुल्याच फुल्या. पाच एके दहा. पाच दुणे पंधरा. पाच त्रिक वीस. खाली पाच दाहे पंचावन्न. पुढच्या पानावर सात एके चौदा.

मी पान उलटून परत वाचलं. बांधावर कान दिला नव्हता, ती चूक ही.

सर म्हणाले, "आरोही, म्हणून दाखव. पाच एके?"

आरोही ओठ मिटून उभी.

"म्हन की गं!" वहिनी ओरडली. "बांधावर म्हंत व्हतीस तशी!"

पोरगी वहिनीच्या मागं सरकली. मग वहिनीनं डोक्यावरचा भारा धाडकन् शाळेच्या ओट्यावर टाकला. "ती घाबरली तुमच्या लाल शाईला. मी म्हंते. या भाईर. या रं पोरांनो, तुमी बी या."

सगळे ओट्यावर आले. वहिनीनं गवताच्या पाच पेंढ्या बोटांच्या बेचक्यांत धरल्या. "लाऽऽभ!" आणि त्या उंबऱ्याजवळ ठेवल्या. मग दुसरा हात उचलून टाकला. "पाच एके! मोजा सर. किती झालं?"

सरांनी मोजलं. "दहा."

"मग? काय लिवलंय पोरीनं?"

सर वहीकडं बघत राहिले. तेवढ्यात पोरं खिदळायला लागली. पुढच्या दोघी-तिघी ओरडल्या, "आजी, पाच एके पाच! आजीलाच येत न्हाई! आजी अप्रगत!"

मी वहिनीला पन्नास वर्षं ओळखतो. तिला शिव्या देताना, रडताना, दादाच्या तिरडीपाशी दात आवळून उभं राहिलेलं पाहिलं आहे. पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. तिनं गवताकडं बघितलं, पोरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला कळलं होतं. जिच्यासाठी ती विळा लावून आली होती, तिला खाली बसवणारी चूक तिच्याच हातची होती. तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काही निघेना. त्या बाईच्या तोंडातून!

आणि मग कोण ओरडलं म्हणता? आरोही.

"हसू नका!" पोरगी अशी कडाडली, की खिचडीवाली बाई पळी घेऊन बाहेर आली. "दात काय काढताय? समृद्धी, तुला मोजता येतं का? दहा हायेत का न्हाईत? मोज! आजीनं खोटं काय सांगितलंय? पयला हात आईचा असतो. तो आमी धरत न्हाई. तुमी धरता. एवढंच हाय ते!"

कोणीही हसेना. तिनं उंबऱ्याजवळच्या पाच पेंढ्या आणखी आत, भिंतीला सरकवल्या. "ह्यो बाजूला ठेवला. आता मोजा." आणि एकेक हात ओट्यावर आपटत सुरू झाली. "पाच एके पाच! पाच दुणे दहा! पाच त्रिक पंधरा! पाच चोक वीस!" पेंढ्या संपल्या तरी थांबली नाही. "सात एके सात! सात दुणे चौदा!" साताचा, आठाचा, नवाचा. मध्ये कुठं श्वास घेतला कळलं नाही. डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि आवाज मात्र थेट आजीचा. 'दहा दाहे शंभर' म्हणून थांबली तेव्हा पेंढीचे तुकडे तिच्या केसांत होते.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण वहिनीकडं बघून हात मागं ठेवले.

सर वही चाळत होते. "प्रत्येक उत्तर एका हातानं जास्त," ते हळूच म्हणाले. "दहाच्या दहा चुका एकाच मापाच्या. मी नुसत्या फुल्या मारत गेलो. विचारलंच नाही." ते आत गेले आणि फळ्यावरचं नाव बाहीनंच पुसलं. डस्टर शोधायला थांबले नाहीत. "आरोही, उद्यापासून... नाही, आत्तापासून चौथीत. चुकलं माझं आजी."

एखादी बाई म्हणाली असती, जाऊ द्या सर. वहिनीला तोंड परत मिळालं होतं.

"चुकलं म्हनून भागतंय व्हय? पोरगी बारा दिवस जमिनीवर बसली. आज तुमी बसा खाली. दुसरीत. बगा कसं वाटतं."

आणि सर बसले हो! दुसरीच्या पोरांत मांडी घालून बसले. पोरं भीतीनं बाजूला सरकली. वहिनीनं तिकडं लक्षच दिलं नाही. ती आरोहीकडं वळली. "आन तू! आईचा हात वजा केलास? कुणी शिकवलं?"

"वजा न्हाई केला. बाजूला ठेवला. तूच ठेवतीस."

वहिनीनं पदर खोचला. मग म्हणाली, "मला आदी का न्हाई सांगितलंस, शाळंत येगळं हाय म्हनून? तुला कळलं व्हतं ना?"

"व्हय."

"मग?"

आरोही पुन्हा जमिनीकडं बघायला लागली. "तू म्हनलीवतीस, उत्तर कुणाच्या तोंडचं घ्यायचं न्हाई. सरांचं घेतलं असतं तर तू खोटी पडली असतीस."

बघा म्हणजे. नऊ वर्षांची पोर बारा दिवस खाली बसली, कणगीत दप्तर लपवलं, चाकणला जायची वेळ आली, पण आजीला खोटं पडू दिलं नाही. वहिनी मात्र भडकली. "येडी हायेस का गं? मी खोटी पडले तर मरनार हाय का मी? पुन्हा असं केलंस तर बघ!" असं म्हणत पोरीच्या केसांतले गवताचे तुकडे ती एकेक ओढून काढत होती. ओढून म्हणजे ओढूनच, पोरगी आईगं म्हणत होती.

शाळेच्या आवारातूनच तिनं मला फोन लावायला लावला. गोरख कामावर होता, मागं मशीनचा आवाज. "आई, आत्ता नको, सुपरवायझर..."

"पाच सक किती?"

"काय?"

"पाच सक किती ते सांग!"

"तीस. आई, काय झालं?"

"आपल्या वाडीत?"

गोरखच्या लक्षात आलं. वाडीतच वाढलेला पोरगा तो, बांधावर बसून मुठी मोजलेला. "...पस्तीस."

"तुज्या पोरीला दोनी येत्यात. ती चौथीत बसली हाय आन बसनार हाय. बाळाला तू सांभाळ. न्हाईतर इकडं आनून टाक, ह्ये रिकामं भावजी हायेत, ते सांभाळतील."

फोन बंद. अशी माझी सोय लागली. महिन्याभरानं बाळ खरंच आलं, आणि हे लिहिताना ते माझ्या मांडीवर आहे. दोनदा कागद ओढून झाला.

निघताना वहिनीनं ओट्यावरच्या पेंढ्या गोळा करून भारा बांधला. सर तोवर उठून दारात आले होते. उंबऱ्याजवळ भिंतीला लावलेल्या पाच पेंढ्या तशाच होत्या. सरांनी त्या उचलून तिच्या भाऱ्यात ठेवायला हात घातला.

"आजी, या राहिल्या तुमच्या."

वहिनी वळली. "माझ्या न्हाईत त्या," ती खेकसली. "इतका वेळ काय शिकलात मग?"

सरांनी हात मागं घेतला. आतून आरोहीचा आवाज आला, चौथीच्या बाकावरून. "राहू द्या सर. त्या धरायच्या न्हाईत."